मुलाखतीची फाइल: कप्पे मोजण्याआधी प्लॅस्टिक बघा
स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी वीस कप्प्यांची ए-फोर डिस्प्ले फाइल मुलाखतीला पुरते. पहिल्या कप्प्यात बायोडेटाच्या ३ प्रती, मग अनुभवाचे दाखले, पदवी, बारावी, दहावी. शेवटी स्वसाक्षांकित झेरॉक्स. मागितलेला कागद चाचपडत न बसता हातात यायला हवा.

कप्पे पॉलिप्रॉपिलीनचेच घ्या. मऊ, वास मारणाऱ्या पीव्हीसीत लेझर प्रिंटची अक्षरं प्लॅस्टिकलाच चिकटतात आणि कागद ओढला की निघून येतात; प्लॅस्टिक लवचीक ठेवणारं द्रव्य टोनरही (लेझर प्रिंटरची शाईची पूड) मऊ पाडतं. मूळ गुणपत्रिकेची अशी वाट लावायची नसेल तर दहा-वीस रुपये वाचवू नका.

ए-फोरपेक्षा (२१० × २९७ मिमी) मोठं पदवीपत्र मात्र यात बसत नाही. दुमडू नका, मोजून फूलस्केप (ए-फोरहून लांब) आकाराची फाइल घ्या. वेल्क्रोची झडप टाळा, शांत केबिनमध्ये तो चर्रर्र आवाज फारच मोठा वाटतो.