नव्या वेबसाइटची फुकट जाहिरात: व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम की गुगल?

साइट बनवणाऱ्याचे पैसे दिले, डोमेनचे म्हणजे साइटच्या नावाचे दिले, ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेची कागदपत्रं एकदाची मार्गी लागली, की जाहिरातीसाठी खिशात फारसं काही उरत नाही. मग सल्ले सुरू होतात. भाचा म्हणतो इन्स्टावर टाक, शेजारचा दुकानदार म्हणतो गुगलवर नाव घाल, मित्र म्हणतात ग्रुपवर पाठव, आम्ही पुढे पाठवतो. सगळं फुकट असल्यामुळे सगळंच करावंसं वाटतं. पण घरच्या दोघांनी चालवलेल्या धंद्यात फुकट म्हणजे स्वतःचा वेळ, आणि तो शटर खाली ओढल्यावर जेवढा उरतो तेवढाच. म्हणून निवड करावीच लागते.

आमचं सांगलीत हळद आणि बेदाण्याचं छोटं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे पॅकिंग. साइट काढली ती पुण्या-मुंबईला गेलेल्या गिऱ्हाइकांसाठी आणि त्यांच्याकडून ऐकून विचारणाऱ्यांसाठी. खाली जे लिहितोय ते याच अनुभवावरून. तुमचं केकचं किंवा पार्लरचं काम असेल तर हिशेब वेगळा निघू शकतो, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आणि वाचण्याआधी एक ठरवा: तुम्हाला माल खपवायचा आहे की माणसं साइटवर आणायची आहेत? ऐकायला हे एकच वाटतं, पण व्हॉट्सॲप वापरून बघितलं की दोन्हींतलं अंतर कळतं.

व्हॉट्सॲप: माल जातो, साइट ओस

खपाच्या बाबतीत याचा हात कोणी धरू शकत नाही, हे आधी कबूल करतो. नव्या हंगामाच्या हळदीचा फोटो सकाळी स्टेटसला ठेवला की दुपारपर्यंत विचारणा येते. बिझनेस ॲप फुकट आहे, त्यात कॅटलॉग लावता येतो, ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात.

अडचण अशी, की इथे नवीन माणूस भेटत नाही. स्टेटस दिसतं ते ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे आणि ज्याचा नंबर तुमच्याकडे आहे त्यालाच, तेही चोवीस तास. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला नसेल तर मेसेज त्याच्यापर्यंत जातच नाही. राहिले ग्रुप. शाळेची बॅच, सोसायटी, भिशी. सणाला एकदा टाकलं तर चालतं, दर आठवड्याला टाकलं तर ॲडमिन आधी हात जोडलेली इमोजी पाठवतो आणि मग बाहेर काढतो.

शिवाय लिंक दिली तरी ती उघडायचे कष्ट कोण घेतो? मावशीचा व्हॉइस मेसेज येतो, "अरे, अर्धा किलो हळद अन् किलोभर बेदाणा बाजूला ठेव, रविवारी दादा येईल न्यायला." ऑर्डर आली, पैसेही आले. साइट मात्र होती तिथेच. ओळखीच्या माणसाला फॉर्म भरायला सांगणं बरं दिसत नाही, आणि तो भरणारही नाही.

इन्स्टाग्राम: ओळख वाढते, पण

इन्स्टाची खरी ताकद अनोळखी माणसांत आहे. रील कुठच्या कुठे जाते. आमचा धंदा तसा दिसायलाही चांगला: तासगावच्या बाजूच्या शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं, चक्कीतून पडणारी पिवळीधमक हळद. भाच्याने फोनवर काढलेल्या रीलला आमच्या दुकानाची पायरी कधी न चढलेल्यांनी दाद दिली. कोणाला यातून आनंद होणार नाही?

पण मला जी गोष्ट खुपली, आणि जिच्यामुळे माझ्यापुरता निकाल लागला, ती अगदी क्षुल्लक वाटेल. रीलखालच्या मजकुरात साइटची लिंक लिहिली तर ती दाबता येत नाही. नुसती अक्षरं राहतात. कमेंटमध्ये लिहिली तरी तेच. चालणारी लिंक फक्त बायोमध्ये (खात्याच्या नावाखालच्या ओळखीत), स्टोरीच्या स्टिकरवर किंवा डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये. आणि स्टोरी हायलाइटमध्ये ठेवली नाही तर दुसऱ्या दिवशी दिसत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने रील बघायची, आमच्या नावावर बोट ठेवायचं, बायो शोधायचा, लिंक दाबायची, मग साइटवर हळद शोधायची. अंगठ्याने पुढची रील सरकवणं याच्या कितीतरी पट सोपं.

मग लोक काय करतात? विचारतात. "रेट प्लीज." "प्राइस?" "नागपूरला पाठवाल का?" "पाव किलो मिळेल का?" "होलसेलचा भाव डीएम करा." यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर साइटवर आहे. वजन, भाव, कुरिअरचा खर्च, पोचायला लागणारे दिवस, सगळं निगुतीने लिहिलेलं. साइट काढण्यामागचा निम्मा हेतूच हा होता की भाव सांगत बसायला लागू नये. आणि रात्री जेवण झाल्यावर मी काय करतोय, तर एकेकाला डीएम उघडून भाव लिहितोय आणि खाली लिंक चिकटवतोय. उत्तर दिलं नाही तर "एवढा माज?" म्हणायला लोक मोकळे. दिलं तर पुष्कळदा "ओके" येतं आणि पुढे काही नाही.

कमेंट आली की आपोआप डीएम पाठवणारी साधनं आहेत, माहीत आहे. म्हणजे आणखी एक ॲप सांभाळा.

दुसरी कटकट लहान आहे, पण तपासून घ्या. अशा ॲपमधून दाबलेली लिंक बहुधा त्या ॲपच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथून यूपीआयने पैसे भरताना काही फोनवर गाडी अडते. यात दोष कोणाचा, ते मी ठरवणार नाही. तुमच्या साइटवर घरातल्या दोन-तीन वेगवेगळ्या फोनवरून एकेक रुपयाचं पेमेंट करून बघा, मगच लोकांना तिकडे पाठवा.

साड्या, दागिने, मेंदी, केक विकणाऱ्यांना कदाचित हे सगळं खटकणारही नाही. त्यांच्याकडे गिऱ्हाइकाला बोलूनच घ्यायचं असतं: रंग दुसरा आहे का, नाव कसं लिहाल, पदर दाखवा. त्यांच्यासाठी डीएम हेच दुकान. पण भाव ठरलेला, माल ठरलेला, अशा धंद्यात हा संवाद नुसता वेळ खातो, असं मला तरी वाटतं.

गुगल: आधी प्रोफाइल

इथे दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करून टाकतात. पहिलं नकाशावरचं बिझनेस प्रोफाइल. दुसरं शोधणाऱ्याला आपल्या साइटचं पान सापडणं.

प्रोफाइलची एक अट पुष्कळांना ठाऊक नसते: गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष गाठ पडणारा धंदा हवा. दुकान तरी हवं किंवा तुम्ही त्याच्या दारी जायला हवं. फक्त ऑनलाइन विकत असाल तर नियमाने प्रोफाइल मिळत नाही. डबे पोचवणाऱ्या किंवा घरी जाऊन सेवा देणाऱ्यांना घरचा पत्ता झाकून नुसता परिसर दाखवता येतो. पडताळणीसाठी हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. रस्ता, पाटी, आतला भाग आणि दुकान तुमचंच असल्याची खूण, म्हणजे कुलूप उघडताना वगैरे. नाव पाटीवर आहे तेच लिहा. "सांगली बेस्ट हळद होलसेल रिटेल" असं शेपूट जोडलंत तर प्रोफाइल बंद पडू शकतं.

मग मात्र "वेबसाइट" नावाचं बटण मिळतं, आणि ते दाबलं की साइट उघडते. बस, एवढंच मला हवं होतं. अभिप्राय मागायला प्रोफाइलमधूनच लिंक आणि क्यूआर मिळतो. तो आम्ही काउंटरवर चिकटवलाय. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, ते नियमात बसत नाही, आणि वाचणाऱ्यालाही वास येतो.

तरी खरं सांगायचं तर आमच्याकडे प्रोफाइलवरून जास्त येतात ते फोन आणि रस्ता विचारणारे. गणपतीच्या दर्शनाला आलेली मंडळी जाताना हळद घ्यायला शोधतात, त्यांना साइटशी देणंघेणं नसतं. दुसरं म्हणजे हेही शेवटी भाड्याचंच घर. गुगलने प्रोफाइलसोबत फुकटात करून दिलेल्या एकपानी साइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, आणि त्याच वर्षी जुलैअखेर प्रोफाइलमधलं चॅटही काढून टाकलं. म्हणून पत्ता स्वतःच्या डोमेनचाच द्या.

आणि मग साइटवरचं लिखाण

हे सगळ्यात सावकाश चालणारं काम, आणि माझा जीव इथेच रमला.

सर्च कन्सोल म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन. त्यात साइट जोडायची, साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांची यादी द्यायची, हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि फुकट आहे. दुकानमांडणी असलेली साइट असेल तर गुगलच्याच मर्चंट सेंटरमध्ये मालाची फुकट नोंदही करता येते. पण खरं काम पुढे: लिहायचं काय? "आमच्याविषयी" आणि "आमची गुणवत्ता" कोणीही शोधत नाही. आम्ही काउंटरवर एक वही ठेवली आणि गिऱ्हाईक जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. राजापुरी हळद आणि सेलम हळदीत फरक काय? हळकुंडं घरच्या मिक्सरमध्ये दळता येतात का? वर्षाची हळद भरून ठेवायची तर कशात? बेदाणा पिवळा चांगला की काळा? एकेका प्रश्नावर एकेक पान, आपले फोटो, आणि पानाच्या शेवटी त्या मालाची लिंक. ती अर्थातच दाबता येते.

एक पान मी निव्वळ हौसेपोटी लिहिलं होतं, हरिपूरच्या पेवांवर. सांगलीला लागून असलेल्या या गावात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत होती. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी त्यांत शिरलं आणि फार मोठं नुकसान झालं. त्या पानावरून हळद खपेल असं काही मनात नव्हतं. पण सांगलीबाहेर राहणारी सांगलीची माणसं ते शोधत आली, आणि त्यांतली काही माल घेऊन गेली. पेव ठाऊक असलेल्या माणसाला हळदीच्या भावावर फार बोलायचं नसतं.

सर्च कन्सोल दाखवतं की लोक काय टाइप करून आले. यातून कळलं की निम्मी मराठी रोमन लिपीत लिहिली जाते, आणि "हळकुंड"चीही तऱ्हेतऱ्हेची स्पेलिंगं होतात. म्हणून पानाचं शीर्षक देवनागरीत आणि पानाच्या पत्त्यात तेच शब्द रोमनमध्ये, अशी सोय केली. लिखाण वेळेच्या आधी करायला लागतं. बायका वर्षाच्या मसाल्याची तयारी मार्च-एप्रिलमध्ये करतात. पान तेव्हा लिहून उपयोग नाही, जानेवारीतच हवं.

सुरुवातीचे काही महिने आलेख जमिनीला चिकटून असतो, आणि घरचे विचारतात की रोज रात्री काय टाइप करत बसतोस. ही उमेद टिकवणं ज्यांना जमणार नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये, असं मोकळेपणाने सांगेन. पण रील चार-आठ दिवसांत थकते. गेल्या हंगामातलं पान या हंगामातही माणसं आणतं, आणि ती भाव वाचूनच आलेली असतात. "रेट प्लीज" कोणी विचारत नाही.

बाकीचं, थोडक्यात

फेसबुकचे गावाचे आणि खवय्यांचे ग्रुप अजून जिवंत आहेत, पन्नाशीपुढचं गिऱ्हाईक तिथे भेटतं आणि तिथली लिंक दाबता येते. कोकणात होमस्टे असेल तर हे आधी बघा. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओखाली लिंक चालते. शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंका मात्र ऑगस्ट २०२३ अखेरपासून दाबता येत नाहीत, म्हणजे रडगाणं तेच. व्यवसायांच्या फुकट डिरेक्टऱ्यांत नाव जरूर घाला, पण नंबर वेगळा द्या, कारण "सर, प्रीमियम प्लॅन घ्या" हे फोन लगेच सुरू होतात. पाचशे सर्च इंजिनांत नोंद करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि पाकिटावर, बिलावर साइटचं नाव रबरी शिक्क्याने उमटवा. फोनवर स्पेलिंग न सांगता समजेल असं नाव असेल तर हा शिक्का बऱ्याच रील्सपेक्षा जास्त काम करतो.

आठवड्यातून दोनच संध्याकाळी हाताशी असतील तर मी पहिल्या महिन्यात प्रोफाइल आणि सर्च कन्सोल उरकून घेईन, त्यानंतर दर पंधरवड्याला वहीतल्या एका प्रश्नावर पान लिहीन. व्हॉट्सॲप स्टेटस सणावारी ठेवीनच, मावशीसाठी. तुमच्या घरात रील काढायची हौस असलेलं कोणी असेल तर त्याला अडवू नका. फक्त भाव, वजन आणि साइटचं नाव व्हिडिओच्या चौकटीतच मोठ्या अक्षरात लिहायला सांगा.