लहान मुलं नसलेलं बेट: मालदीवच्या ॲडल्ट्स-ओन्ली रिसॉर्टचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघं मालदीवला जाऊन आलो. आल्या आल्या लिहिलं असतं तर निळं पाणी आणि फोटो एवढंच झालं असतं. आता गणपती होऊन गेले, कार्डाची बिलं फिटली आणि निपाणीची माझी धाकटी बहीण माझ्याच प्रश्नांची यादी घेऊन दुसऱ्या एका बेटावर राहून आली. आता कुठं कळतंय, त्या पैशात खरं काय मिळालं आणि नुसतं जाहिरातीत काय होतं.

आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो. मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे नोकरीभर कानात पोरांचा गलका. घर रस्त्यावरच, सगळ्या वराती दारावरून जातात. त्याची तक्रार नाही. शिवजयंतीचे चित्ररथ बघायला गच्चीत मीच पहिली असते. पण निवृत्तीनंतर एकदा तरी कुणी हाक मारणार नाही अशा जागी जायचं, हे मी ठरवलेलंच होतं. यांना समुद्र हवा होता, मला शांतता.

‘तिथं मुलांना घेत नाहीत’ म्हटल्यावर जाऊबाई म्हणाल्या, “अगं बाई, नातवंडांना घेऊन जावा की! दोघंच काय करणार तिथं?” आपल्याकडे हे सांगायला अवघड जातं. मुलं आवडत नाहीत असा सरळ अर्थ काढतात. मी कुणाला समजवायला गेले नाही. हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाशी बसून दुसऱ्यांच्या मुलांना ‘पळू नकोस, घसरशील’ असं नकळत ओरडणारी बाई मी आहे, ते मला पुरेसं ठाऊक आहे.

गोवा चोर्ला घाटातून तीनेक तासांवर. तिथं जायला आम्हाला सुट्टी लागत नाही आणि तिथं गेल्यावर सुट्टी वाटतही नाही. चौकाचौकात बेळगावची गाडी दिसते. लक्षद्वीपसाठी परवाना काढावा लागतो आणि राहायच्या जागा मोजक्या. अंदमान यांच्या मनात होतं. शेवटी मालदीव ठरलं ते ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या पद्धतीमुळे. 1972 मध्ये कुरुंबा हे तिथलं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, तेव्हापासून ही रीत आहे. अख्खं बेट एकाच रिसॉर्टचं, म्हणजे शेजारच्या हॉटेलचं लग्न नाही, रस्ता नाही, हॉर्न नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘ॲडल्ट्स-ओन्ली’ या पाटीला ठरलेलं असं वय नाही. प्रत्येक रिसॉर्ट आपापलं वय ठरवतं. लवियानी अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे बेटांचं कडं) हुरावल्हीत 15 वर्षांवरच्यांना प्रवेश, ‘यू अँड मी’मध्ये 16, तर राजधानी मालेजवळच्या ओब्लू सिलेक्ट लोबिगिलीत 18. काही ठिकाणी तर पूर्ण बेट मोठ्यांचं नसतंच. विलामेंधूसारख्या बेटावर फक्त एक भाग आणि तिथला तलाव मोठ्यांसाठी राखलेला असतो, बाकी बेटावर कुटुंबं असतात. नियम बदलतात, म्हणून बुकिंगच्या आधी वय लेखी विचारून घ्या. पंधरा-सोळा वर्षांचं पोर मोबाइलवर गाणी लावून बसलं तर ते लहान मुलापेक्षा कमी गोंगाट करतं असं नाही, हे शिक्षिका म्हणून सांगते.

आम्ही 18 वर्षांवरचं बेट घेतलं. मुलं नव्हतीच. तरी पहिल्या संध्याकाळी मला झोप लागेना, कारण तलावाकाठच्या बारमध्ये डीजे. आठवड्यातून ठरावीक रात्री तो असतो, हे त्यांच्या वेबसाइटवर ‘एंटरटेनमेंट’ या गोंडस शब्दाखाली होतं. ॲडल्ट्स-ओन्लीचे दोन प्रकार असतात, हे तिथं उमजलं: एक विश्रांतीचं, दुसरं पार्टीचं. मुलं नाहीत म्हणून रात्री उशिरापर्यंत संगीत चालू ठेवायला काही ठिकाणी उलट मोकळीकच मिळते. स्वागतकक्षात सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला बेटाच्या दुसऱ्या टोकाला खोली बदलून दिली. वागणं अदबीचं होतं, पण खोली रिकामी होती म्हणून जमलं. भर मोसमात जमेलच असं नाही.

दुसऱ्या टोकाला गेल्यावर डीजे थांबला आणि घरघर सुरू झाली. मालदीवच्या रिसॉर्ट बेटांवर बाहेरून वीज येत नाही. बेटावरच डिझेल जनरेटर असतात, काही ठिकाणी जोडीला सौर पॅनेल. पिण्याचं पाणीही तिथंच समुद्राचं खारं पाणी गाळून तयार करतात. हे सगळं यंत्रघर, धोबीखाना, कामगारांच्या खोल्या बेटाच्या एका भागात झाडांच्या आड असतात. पाहुण्यांना मिळणाऱ्या रंगीत नकाशात तो भाग नुसता हिरवा दाखवतात. आमची नवी खोली यंत्रघरापासून बऱ्यापैकी लांब होती. पहाटे वारा पडला की तेवढा आवाज यायचा, दिवसा नाही. तरी नकाशातल्या हिरव्या डागात काय आहे ते आधी विचारा. धक्क्याजवळची खोलीही नको. बोटी आणि सामानाच्या गाड्या सकाळपासून सुरू होतात. सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, येणारं बेट असेल तर दिवसातून काही वेळा त्याचाही आवाज धरा.

पाण्यावरचा व्हिला की किनाऱ्यावरचा, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली होती. फोटोत दिसतो तो पाण्यावरचा, आणि दरही त्याचाच जास्त. आम्ही किनाऱ्यावरचा घेतला आणि मला त्याचं समाधान आहे. पाण्यावरच्या व्हिलातून शिडीने समुद्रात उतरावं लागतं. माझे गुडघे तयार नव्हते. शिवाय वारा असला की फळ्यांखाली लाटांचा चपचप आवाज रात्रभर येतो. बहिणीला तो आवाज आवडला, तिच्या यजमानांना नाही. जेवणघरापर्यंतचा लाकडी पूलही लांब असतो, बग्गीची वाट बघावी लागते. किनाऱ्यावर दार उघडलं की वाळू, झाडाची सावली, खुर्ची. उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या परांच्या शार्कची हातभर पिल्लं फिरतात, काही करत नाहीत. राखी बगळा तासन् तास एका जागी उभा. आणि पहाटे चक्क कोकीळ ओरडतो! एवढे डॉलर मोजून कोकीळ ऐकायला आलो, म्हणून हे हसत सुटले.

पोवळ्यांचा खडक, त्याला तिथं हाउस रीफ म्हणतात, किनाऱ्यापासून किती लांब आहे हे विचारणं फार महत्त्वाचं. काही बेटांभोवती विस्तीर्ण उथळ पाणी असतं, दिसायला सुंदर, पण मासे बघायचे तर बोट करावी लागते आणि तिचे वेगळे पैसे. आमच्याकडे खडक थोड्या अंतरावर होता. पोवळी मात्र बऱ्याच ठिकाणी पांढुरकी, मोडलेली. 1998 आणि 2016 मध्ये समुद्र तापला तेव्हा तिथली पोवळी मोठ्या प्रमाणावर मेली, त्याच्या खुणा अजून दिसतात. मासे भरपूर होते. मास्क आणि पाण्यातले बूट इथूनच नेले, तेच मे महिन्यात मालवणला वापरले. यांनी तर आता मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला जायचं डोक्यात घेतलंय.

प्रवासाबद्दल. सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळुरू आणि तिथून थेट माले, हा आम्हाला सोयीचा रस्ता. विमानाच्या वेळा जुळत नसतील तर रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस गाठा, फक्त बेंगळुरूत स्टेशनपासून विमानतळ लांब आहे याचा वेळ धरा. भारतीयांना व्हिसा तिथं पोचल्यावर फुकट मिळतो. प्रवासाच्या आधीच्या 96 तासांत ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, जाताना आणि येतानाही. तोही फुकट आहे. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या काही साइट पैसे मागतात, तिकडे जाऊ नका. दारू नेता येत नाही, विमानतळावर काढून ठेवतात. पूजेच्या मूर्तीही आणायला बंदी आहे, म्हणून माझ्या पर्समधली छोटी अन्नपूर्णा घरीच ठेवली.

मालेहून बेटापर्यंत कसं जायचं, यावर निम्मा हिशेब फिरतो. सीप्लेनचं येऊन-जाऊन भाडं माणशी साधारण 400 ते 600 डॉलर, आणि ते फक्त दिवसाउजेडी उडतं. दुपारी उशिरा माले गाठलंत तर ती रात्र मालेत किंवा शेजारच्या हुलहुमालेत काढावी लागते, म्हणजे पैसे भरलेली एक रात्र गेली. आम्ही स्पीडबोटीचं बेट घेतलं. समुद्र थोडा जरी उसळलेला असला तरी बोट दणके देते. कंबरदुखीवाल्यांनी मागच्या बाजूला बसावं, पुढं मुळीच नको.

पोचल्यावर आणखी एक गंमत. मालेचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण पुष्कळ रिसॉर्ट, संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून, आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढं ठेवतात. यांचा फोन मालेची वेळ दाखवत होता, माझं मनगटी घड्याळ बेळगावची आणि जेवणघर तिसरीच. पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात विचारून घ्या.

जेवणाची मला जास्त काळजी होती. तिथं मासे आणि नारळ सोडले तर जवळजवळ सगळं बाहेरून येतं. शाकाहारी जेवण मिळालं, डाळ-भात रोज होता, पण पालेभाजीची चव मिळाली नाही. संकष्टीला फळांवर काढलं. हे मासे खाणारे, त्यांना न्याहरीची मासहुनी फार आवडली: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, सोबत रोशी, म्हणजे आपली पातळ पोळीच. वाढणारा एक मुलगा कुंदापूरचा निघाला. बेळगाव म्हटल्यावर रोज “ऊट आयता?” (जेवण झालं का?) विचारायचा आणि आम्ही कन्नडमध्येच उत्तर द्यायचो. शेवटच्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातून माझ्यासाठी ताक आणून दिलं.

आम्ही दोघंही दारू घेत नाही, तरी ऑल-इन्क्लुझिव्ह घ्या म्हणून एजंट मागे लागला होता. त्यात सगळ्या जेवणाखाण्याबरोबर मद्याची किंमतही धरलेली असते. आम्ही न्याहरी आणि रात्रीचं जेवण असलेलं हाफ बोर्ड घेतलं, दुपारी फळं आणि सोबत नेलेला चिवडा. पुरलं.

दराच्या पुढं दोन अधिक चिन्हं असतील तर सावध. आधी 10 टक्के सेवाशुल्क, मग त्या बेरजेवर जीएसटी, जो 1 जुलै 2025 पासून 17 टक्के झालाय. म्हणजे 100 डॉलरची खोली 128 डॉलर 70 सेंटला पडते. त्यावर रिसॉर्टमध्ये ग्रीन टॅक्स माणशी दर रात्री 12 डॉलर. 2025 च्या आधी तो 6 होता. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस नावाचा कर आगाऊ घेतात, तो आयकर विवरणपत्र भरताना जमेला धरता येतो. आमचा परतावा नुकताच खात्यात आला, तेव्हा खर्चाचा आकडा जरा सुसह्य वाटायला लागला. एक खर्च मात्र टाळू नका: आजारी माणसाला हलवण्याची सोय असलेला प्रवास विमा. बेटावर छोटा दवाखाना असतो, मोठं रुग्णालय मालेला. बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट न्या.

बहीण ऑगस्टमध्ये गेली. तिकडं साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा, त्यामुळे दर बरेच उतरलेले. मी तिला जायला नको म्हणत होते, कारण माझ्या डोळ्यापुढं जांबोटीचा पाऊस. तसा तो नसतो म्हणाली. सर येते, जाते, मग ऊन. दोन दिवस मात्र वाऱ्यामुळं समुद्रात उतरताच आलं नाही, पाणीही गढूळ. तिनं कमी खोल्यांचं बेट निवडलं होतं, डीजे नाही याची लेखी खात्री घेतली होती, आणि झोप माझ्यापेक्षा चांगली लागली म्हणते. म्हणजे पाटीवरच्या वयापेक्षा खोल्यांची संख्या आणि रात्रीचा कार्यक्रम बघणं जास्त उपयोगाचं. दीडशे खोल्या असलेल्या बेटावर लहान मूल एकही नसलं, तरी न्याहरीला गर्दी ती गर्दीच.

आमच्या रिसॉर्टला पाचपैकी साडेतीन देईन. किनारा, माणसं आणि स्वच्छता उत्तम. एक गुण डीजेसाठी कापला आणि अर्धा त्या नकाशासाठी. परत तिथंच जाणार नाही, पण मोठ्यांच्याच बेटावर जाईन.

पुढच्या मार्चसाठी दोन रिसॉर्टना ई-मेल पाठवलेत: खोल्या किती, संगीत कुठं आणि किती वाजेपर्यंत, यंत्रघर कुठं. एकाने नकाशावर जनरेटरच्या जागी लाल फुली मारून पाठवली. दुसऱ्याने हनिमून केकचा फोटो.