पोलादी अपिअरिंग केन, अकरा महिन्यांनंतर: स्प्रिंग खणखणीत, टोपण धोक्याचं

अपिअरिंग केन म्हणजे जादूच्या प्रयोगातली काठी: पोलादी पट्टीची मिटलेली गुंडाळी मुठीत लपवायची आणि सोडली की तिची क्षणात लांब काठी होते. ही काठी घेऊन मला अकरा महिने झाले. दुसऱ्याच महिन्यात मी हिच्याबद्दल भरभरून लिहायला बसलो होतो. ते अर्धवट राहिलं हे बरं झालं. कारण सहाव्या महिन्यात सराव करताना टोपण उडालं.

टोपण म्हणजे बारीक टोकावरचं ते पांढरं प्लास्टिकचं, बोटाच्या पेराएवढं. रुमाल झटकला, काठी सुटली आणि पाठोपाठ समोरच्या भिंतीवर काहीतरी टक्‌कन आपटलं. भाचा माझ्या बाजूला उभा होता. "मामा, काठीचं टोक कुठंय?" त्यानं विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. टोपण गडगडत कपाटाखाली गेलं होतं. भिंतीच्या रंगावर नखाएवढा ओरखडा होता. मी त्या ओरखड्यापाशी जाऊन उभा राहिलो, तर तो माझ्या गालाच्या हाडाशी येत होता. आदल्या आठवड्यापर्यंत भाचा तिथंच खुर्ची टाकून सराव बघायचा.

टोपणाच्या आत बघितलं तर गोंदाचा एकच वाळलेला ठिपका. काठीच्या टोकाला पट्टीचा उघडा कोपरा, अंगठा फिरवला तर कातडी सोलेल असा. म्हणजे हे टोपण शोभेचं नाही. जवळजवळ एक मीटर लांब पोलाद डोळ्याची पापणी लवायच्या आत उलगडतं, आणि त्या टोकाला प्रेक्षकांपासून वाचवणारी ही एकच वस्तू. ती एका थेंबावर सोडलेली.

विक्रेत्याला फोन केला. "साहेब, टोपण झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, झिजलेलं नाही, उडालंय. त्यावर उत्तर आलं की नवीन काठी घ्या, थोडी सूट देतो. स्प्रिंग ठणठणीत असताना टोपणापायी अख्खी काठी टाकायची हे मला पटत नाही, तेव्हाही पटलं नाही. तीन फोन केले, फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. सुटं टोपण मिळालं नाही ते नाहीच.

मग घरीच दुरुस्ती. आधी झटपट चिकटणारा गोंद लावला, तो नवव्या वेळी सुटला. तो गोंद कडक होतो पण ठिसूळ असतो. दर वेळी बसणारा हिसका त्याला सोसत नाही. दुसऱ्यांदा टोकाचा रंग आणि टोपणाची आतली बाजू पॉलिश पेपरनं खरवडली, तेलाचा अंश राहू नये म्हणून स्पिरिटनं पुसलं, दोन ट्यूबवालं इपॉक्सी भरलं आणि पूर्ण 24 तास काठी उघडीच उभी ठेवली. इपॉक्सी शेवटच्या वेढ्यावर ओघळू देऊ नका, नाहीतर काठी मिटणारच नाही. पाच महिने झाले, टोपण जागचं हललेलं नाही. तरी दर प्रयोगाआधी मी ते चिमटीत धरून ओढून बघतो आणि त्यावर बारीक तडा आहे का ते उजेडात तपासतो.

आता बाकीचं. मिटवण्यात माझी पहिल्या महिन्यात चूक होत होती. घाईत बारीक टोक तिरकं दाबायचो. ते सरळ रेषेतच आत जायला हवं, एकेक वेढा हातानं बसवत, तोंड बाजूला ठेवून. तिरकं गेलं की पट्टीच्या कडेला मुरड पडते आणि ती मुरड पुन्हा जात नाही. माझ्या काठीला तशी एक आहे, उघडताना तिथं हलकं कर्रर्र वाजतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडीही त्याच महिन्यात कापली गेली, कारण सोडताना बाहेरचा वेढा सैल धरला होता. पट्टीची कड पात्यासारखी असते. बाहेरचा वेढा मुठीत घट्ट, टोक वर आणि कुणाच्याही चेहऱ्यापासून दूर, सरावाला चष्मा, समोर माणूस नाही. मिटलेली काठी खिशात घालून तासभर फिरायचं नाही. प्रयोगाच्या तोंडावर भरायची.

ठेवायची मात्र उघडी. स्प्रिंग दाबून ठेवली की हळूहळू तिला तीच सवय लागते आणि जोर जातो. व्हॅनिशिंग केनचं, म्हणजे क्षणात मिटून गायब होणाऱ्या काठीचं, उलट आहे, तिचा आराम मिटलेल्या अवस्थेत, म्हणून ती मिटलेलीच ठेवायची. दोन्ही एकाच पिशवीत कोंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तेलाबद्दल माझं मत बदललं. सुरुवातीला मी सढळ हातानं शिलाई मशीनचं तेल घालायचो. काठी झुळझुळीत उघडायची, पण धूळ चिकटून वेढ्यांच्या मध्ये काळी राड साचली आणि पांढऱ्या रुमालाला डाग पडले. आता वापरून झालं की कोरड्या कापडानं घाम पुसतो, कारण हे पोलाद गंजतं आणि तळहाताच्या घामातल्या मिठानं लवकर गंजतं. महिन्यातून एकदा तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पट्टीवरून फिरवतो आणि लगेच पुसून काढतो. सोबत आलेलं मखमली कव्हर ओल धरतं, ते मी वापरत नाही. टवके उडाले म्हणून वरून रंगही मारू नका. मी मारला, वेढे एकमेकांना चिकटले, आणि तो खरवडण्यात एक अख्खा रविवार गेला.

प्लास्टिकच्या काठीला मी पूर्वी खेळणं समजायचो. फँटासिओंसारख्या जादूगारानं प्लास्टिकच्या काठ्या रंगमंचावर गाजवल्या हे माहीत असूनही माझा ग्रह तोच होता. टोपण उडाल्यानंतर एक आणली, आणि लहान खोलीत, लोक जवळ असतात तिथं, आता तीच वापरतो. आवाज तसा येत नाही. तिला तेल अजिबात लावायचं नाही.

पोलादी काठीला पाचपैकी साडेतीन. कापलेले दीड गुण टोपणाचे आहेत. विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच टोपण ओढून बघा, आणि सुटं टोपण मिळतं का ते लेखी विचारा.