इंका ट्रेलच्या नावाखाली साल्कान्ताय: परमिटच्या फसवणुकीची सगळी रीत

पुण्या-ठाण्याच्या सहा जणांच्या एका गटाने मे महिन्यातल्या इंका ट्रेलसाठी (पेरूतल्या माचू पिक्चू या प्राचीन इंका नगरीपर्यंत जाणारी चार दिवसांची डोंगरवाट) फेब्रुवारीत पैसे भरले. पूर्ण पैसे, यूपीआयने, मध्यस्थाच्या वैयक्तिक खात्यात. मंडळी पेरूत कुस्कोला पोचली, आणि ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी गाईडने हॉटेलवर येऊन सांगितलं, की सरकारने परमिटं रद्द केली आहेत, पण घाबरू नका, याहून सुंदर वाटेने माचू पिक्चूलाच नेतो. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघाली ती सोरायपाम्पाच्या दिशेने. म्हणजे साल्कान्तायच्या ट्रेकला, माचू पिक्चूकडेच जाणाऱ्या दुसऱ्या वाटेने. सरकारने काहीही रद्द केलेलं नव्हतं. त्या सहा जणांच्या नावाने परमिट कधी काढलंच नव्हतं.

अशी फसवणूक होते कशी, हे कळायला आधी परमिटची व्यवस्था समजून घ्यावी लागते. चार दिवसांच्या मूळ इंका ट्रेलवर रोज ५०० माणसांनाच सोडतात. त्यात गाईड, स्वयंपाकी आणि हमालही धरलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्ष ट्रेकरच्या वाट्याला साधारण २०० जागा येतात. परमिट फक्त अधिकृत परवाना असलेली कंपनी काढू शकते. स्वतः काढून एकट्याने चालायला परवानगी नाही. फेब्रुवारीत डागडुजीसाठी वाट पूर्ण बंद असते. पुढच्या वर्षाच्या परमिटांची विक्री साधारण आदल्या वर्षाच्या ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते आणि मे ते ऑगस्ट या कोरड्या हंगामातल्या जागा कितीतरी महिने आधी संपतात.

आता आपल्याकडचं वेळापत्रक बघा. मुलांच्या परीक्षा, मे महिन्याची सुट्टी, रजा मंजूर होणं हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत ठरतं. तोवर मे महिन्यातल्या बहुतेक तारखा भरलेल्या असतात. नेमक्या याच वेळी "आमच्याकडे सहा जागा शिल्लक आहेत" असं सांगणारा माणूस भेटतो, आणि उशीर झालेल्या माणसाला ते खरं वाटावंसं वाटतं. "कोणीतरी रद्द केलं, त्यांची परमिटं तुमच्या नावावर करून देतो" हे वाक्य कानावर आलं की तिथेच व्यवहार थांबवा. परमिटवर नाव आणि पासपोर्ट नंबर छापलेला असतो आणि नाव बदलता येत नाही.

या गटाला पैसे भरल्यावर एक पीडीएफ मिळाली होती. वर कंपनीचा लोगो, खाली "कन्फर्म्ड", मध्ये तारीख आणि "६ व्यक्ती". नावं नाहीत, पासपोर्ट नंबर नाहीत, आरक्षणाचा कोड नाही. खरं सांगायचं तर एवढ्यावरच ओळखायला हवं, कारण पासपोर्टचा तपशील दिल्याशिवाय परमिट निघूच शकत नाही. ज्याने तुमच्याकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्कॅन मागितला नाही, त्याने परमिट काढलेलं नाही. आणि स्कॅन मागितला असेल तरीही, प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट नंबर दिसेल असा परमिटचा कागद हातात आल्याशिवाय बाकीची रक्कम देऊ नका. ॲडव्हान्स देताना लेखी मागा: परमिट कोणत्या तारखेला काढणार, आणि ते न मिळाल्यास किती दिवसांत पैसे परत.

फसवणुकीचा दुसरा भाग म्हणजे वाटेची अदलाबदल. इंकांच्या रस्त्यांचं जाळं, काप्पाक न्यान, अँडीजमधल्या सहा देशांत पसरलेलं आहे. त्यामुळे कोणत्याही डोंगरवाटेला "प्राचीन इंका मार्ग" म्हणून विकता येतं आणि उलटून विचारलं तर विकणारा खोटं बोलला असंही धड म्हणता येत नाही. म्हणून जाहिरातीतलं नाव सोडा, कार्यक्रमातली गावं वाचा. मूळ ट्रेल कुस्को-माचू पिक्चू रेल्वेमार्गावरच्या ८२व्या किलोमीटरला, पिस्काकुचोला सुरू होते आणि साधारण ४३ किलोमीटर चालते. वाटेत पातायाक्ता, रुंकुराकाय, सायाकमार्का, फुयुपातामार्का, विन्याय वायना हे अवशेष लागतात आणि शेवटी इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वारातून माचू पिक्चूत उतरायचं. कार्यक्रमात सोरायपाम्पा, उमांताय तलाव, चाउयाय, सांता तेरेसा ही नावं असतील तर ती साल्कान्तायची वाट. सायकल आणि झिपलाइन असेल तर तो इंका जंगल ट्रेक. १०४व्या किलोमीटरला सुरुवात असेल तर छोटी इंका ट्रेल, जिथे चालणं एकाच दिवसाचं. या सगळ्या वाटा चांगल्या आहेत, साल्कान्ताय तर अप्रतिम आहे. पण साल्कान्तायला इंका ट्रेलचं परमिट लागत नाही, तो बराच स्वस्त पडतो, आणि दरातला फरक मध्यस्थाच्या खिशात जातो.

प्रश्न नुसत्या पैशांचा असता तर एवढं पोटतिडकीने लिहिलं नसतं. मूळ ट्रेलवर पहिला मुक्काम बहुधा वाय्याबाम्बाला, सुमारे ३,००० मीटरवर असतो. म्हणजे ३,४०० मीटरवरच्या कुस्कोहून आपण खाली उतरून झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी ४,२१५ मीटरची वार्मिवान्युस्का खिंड चढतो. साल्कान्तायला पहिलीच रात्र सोरायपाम्पाला, सुमारे ३,९०० मीटरवर, आणि दुसऱ्या दिवशी खिंड ४,६०० मीटरच्या वर. सह्याद्रीत कळसूबाईचं टोक १,६४६ मीटर. समुद्रसपाटीवरून आलेल्या, कुस्कोला जेमतेम दोन रात्री काढलेल्या पन्नाशीच्या माणसाला आयत्या वेळी अशा वाटेवर ढकलणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. असा बदल समोर आला तर गटातल्या सगळ्यात कमजोर माणसाकडे बघून निर्णय घ्या, आणि नकार द्यायचा हक्क आपल्याला आहे हे लक्षात ठेवा.

दरावरूनही बरंच कळतं. परमिट, माचू पिक्चूचं प्रवेशशुल्क, गाईड, स्वयंपाकी, हमालांची मजुरी, तंबू आणि परतीची ट्रेन एवढं धरल्यावर चार दिवसांची मूळ ट्रेल साधारण सातशे डॉलरच्या पुढेच जाते. तीनशे डॉलरमध्ये कोणी देत असेल तर एकतर वाट दुसरी आहे, नाहीतर हमाल उपाशी आहे. एका हमालाच्या पाठीवर २० किलोंहून जास्त ओझं नको असा नियम आहे आणि त्यासाठी ट्रेलवर वजनकाटे आहेत. तरी स्वस्त कंपन्या मजुरीत आणि जेवणात हात मारतातच. हमालांचा मुक्काम, जेवण आणि विमा याबद्दल थेट विचारा. चांगली कंपनी न अडखळता उत्तर देते.

"परतीची गाडी समाविष्ट" हे वाक्यही तपासा. ट्रेनचं तिकीट असेल तर त्यावर पेरूरेल किंवा इंका रेलचं नाव आणि प्रवाशाचं नाव असतं. नसेल तर बहुधा जलविद्युत केंद्राजवळच्या इद्रोएलेक्त्रिका थांब्यापर्यंत रुळाच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर पायपीट, आणि तिथून व्हॅनने सहा-सात तास कुस्को.

कंपनीची पडताळणी घरबसल्या होते. तिचा रुक, म्हणजे ११ अंकी करनोंदणी क्रमांक, मागा आणि सुनात या पेरूच्या करखात्याच्या संकेतस्थळावर टाका. कंपनीचा रुक २०ने सुरू होतो. १०ने सुरू होत असेल तर ती एक व्यक्ती आहे. नावापुढे "आक्तिवो" (चालू) आणि "आबिदो" (नोंदलेल्या पत्त्यावर सापडणारी) दिसायला हवं. मग इंका ट्रेलच्या अधिकृत कंपन्यांच्या सरकारी यादीत तेच नाव आहे का ते बघा. भारतातला एजंट मध्ये असेल तर प्रत्यक्ष परमिट काढणाऱ्या पेरूतल्या कंपनीचं नाव त्याने सांगितलंच पाहिजे. "ते आमचं गुपित आहे" म्हणाला तर नमस्कार करून उठा.

नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच द्या. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव "गिव्हन नेम"मध्ये येतं. ते गाळलं तर ट्रेलच्या तपासणी नाक्यावर घोळ होतो. परमिट काढल्यावर पासपोर्ट नवा केला तर कंपनीला लगेच कळवा आणि जुना पासपोर्टही सोबत ठेवा. नाक्यावर मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स चालत नाही. पीतज्वराच्या (यलो फिव्हर) लशीबद्दल एजंट बहुतेक वेळा गप्प असतात: पेरूहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र मागतात, आणि लस निदान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावर घेतलेली असावी लागते. पैसे घेऊन लशीविना कार्ड देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

फसवणूक झालीच, तर यूपीआयने गेलेल्या पैशांसाठी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. तास उलटतील तशी रक्कम अडवण्याची शक्यता घटते. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर सेवा न मिळाल्याचा डिस्प्यूट बँकेकडे टाका, त्यासाठी मूळ कार्यक्रम, पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. पेरूत प्रत्येक व्यवसायाला तक्रारवही, "लिब्रो दे रेक्लामासिओनेस", ठेवावी लागते. तीत लिहा, प्रत घ्या, आणि इंदेकोपी या ग्राहक संरक्षण संस्थेकडे व पर्यटक पोलिसांकडे जा. माचू पिक्चूचं तिकीटही खोटं निघालं, तरी तिथवर जाऊन परत फिरण्याची गरज नाही. पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावात रोज एक हजार तिकिटं, बहुधा दुसऱ्या दिवसासाठी, खिडकीवर मिळतात. मूळ पासपोर्ट घेऊन सकाळीच रांगेत उभे राहा आणि गावात एक रात्र जास्तीची धरा.