अ‍ॅम्प बदलावा, स्पीकर बदलावेत की सोफा सरकवावा?

घरात काही वर्षांपूर्वी घेतलेला ५.१ संच (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) आहे. रिसीव्हर, म्हणजे सगळ्या जोडण्या घेणारी आणि स्पीकरना ताकद देणारी अ‍ॅम्पची पेटी, चालू आहे, स्पीकर फाटलेले नाहीत. तरी सिनेमा लावला की संवाद नीट कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, तेवढ्यात पडद्यावर गाडी उडते आणि रिमोट शोधायची धावपळ होते. खर्ज नुसता घुमतो. गाणी लावली तर दहा मिनिटांत कान थकतात. आता थोडे पैसे हाताशी आहेत, ते घालायचे कुठे? दुकानात विचाराल तर ‘रिसीव्हर जुना झालाय’ हे उत्तर हमखास मिळेल, कारण रिसीव्हर विकायला सोपा. त्याच्या खोक्यावर आकडे छापलेले असतात. माझं मत उलट आहे. अशा बहुतेक घरांत रिसीव्हर हा शेवटचा खर्च असायला हवा.

नवा रिसीव्हर की नवे स्पीकर

सगळी फसगत वॅटपासून सुरू होते. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’ची चार आकडी लेबलं चिकटवलेली असत आणि त्या आकड्यामागे कुठलंही सर्वमान्य मोजमाप नव्हतं. तो शब्द मागे पडला, खोड तीच राहिली. तयार संचाच्या खोक्यावर ‘१००० वॅट’ लिहिलेलं असतं, ती बहुतेकदा सगळ्या चॅनेलची बेरीज असते. आणि तीही एकाच सुराला, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) चालवून घेऊन मोजलेली. १० टक्के म्हणजे कुणालाही कळेल इतका फाटका आवाज. याउलट सुरुवातीच्या किमतीच्या बऱ्या रिसीव्हरच्या माहितीपत्रकात ‘प्रत्येकी ८० वॅट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन, दोन चॅनेल चालू’ अशी लांबलचक ओळ सापडते. अटी जितक्या स्पष्ट लिहिलेल्या, तितका आकडा भरवशाचा.

समजा तुमचा रिसीव्हर असा ८० वॅटचा आहे आणि दुकानदार १०० वॅटचा दाखवतोय. दोन्हींत एका डेसिबलचाही फरक नाही. वॅट दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल देतो. तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत पोचताना बंद खोलीत त्यातले सात-आठ गळतात, ८० उरतात. फ्लॅटमध्ये सिनेमा सरासरी ७० डेसिबलच्या आसपास ऐकला जातो, तेव्हा संवाद चालू असताना त्या स्पीकरला एका वॅटचा जेमतेम दहावा हिस्सा पुरतो. धमाका २० डेसिबलने वर उसळला तरी १० वॅटमध्ये काम होतं. उरलेले ७० वॅट वर्षभर बसून असतात.

तेच पैसे स्पीकरवर घातले तर? ८५ डेसिबलचा स्पीकर काढून ९१ चा लावला, तर तेवढ्याच आवाजासाठी चौपट कमी वॅट लागतात. ४० वॅटचा रिसीव्हर आपोआप १६० वॅटच्या तोडीचा होतो. फक्त ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा वाचताना जपून. (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा; तो जितका कमी, तितका रिसीव्हरवर ताण जास्त.) तो २.८३ व्होल्टवर मोजलेला असेल तर एक नाही, दोन वॅटवरचा असतो, म्हणून ३ डेसिबलने फुगलेला दिसतो.

पण मोठा आवाज हा मुद्दा दुय्यम. चांगला अ‍ॅम्प ऐकू येणाऱ्या सगळ्या सुरांना जवळपास सारखाच उचलतो, फरक डेसिबलच्या अपूर्णांकात असतो. स्पीकरच्या कागदावर मात्र कंपनीच स्वतः ‘उणे-अधिक ३ डेसिबल’ लिहून देते, आणि खोलीत आल्यावर तो आकडा आणखी विस्कटतो. ज्या कडीत सर्वांत जास्त खोट आहे तिथे पैसे आधी जावेत. दोन रिसीव्हर सारख्याच आवाजावर लावून डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर भलेभले गडबडतात. दोन स्पीकर मात्र घरातलं शाळकरी पोरही ओळखतं.

तरी रिसीव्हर बदलावा अशा जागा आहेत. बंगल्याचा मोठा हॉल, बसायची जागा पाच मीटरवर आणि ४ ओहमचे अवजड स्पीकर असतील, मोठ्या आवाजात रिसीव्हर स्वतःहून बंद पडत असेल, तर त्याची खरंच दमछाक होतेय. त्यातही मागे प्री-आउट (बाहेरचा अ‍ॅम्प जोडायच्या जागा) असतील तर तो न काढता पुढच्या तीन चॅनेलना वेगळा पॉवर अ‍ॅम्प देणं अधिक शहाणपणाचं. (तोच रिसीव्हर टीव्हीच्या बंद कपाटात कोंबलेला असेल तर आधी बाहेर काढा. वर चार-सहा इंच मोकळी जागा मिळाली की पुष्कळांची तक्रार फुकटात मिटते.) दुसरी जागा म्हणजे खोलीनुसार आवाज दुरुस्त करणारी सोय मुळातच नसलेला जुना रिसीव्हर. फक्त ‘४के जात नाही’ एवढीच अडचण असेल तर ती आवाजाची नाही. सेट-टॉप पेटी आणि गेमचं यंत्र टीव्हीला जोडा आणि टीव्हीचा आवाज एआरसीने, म्हणजे एचडीएमआय वायरीतूनच उलट, रिसीव्हरला द्या. नेटफ्लिक्सचा अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) सुद्धा डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि तो साध्या एआरसीतून जातो. ईएआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, हवं ते ब्लू-रेवरच्या ट्रूएचडीसारख्या, काहीही न गाळलेल्या आवाजासाठी.

टॉवर की बुकशेल्फ आणि सबवूफर

जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर स्पीकर दिसायला भारदस्त, पाहुण्यांवर छाप पाडणारे. तेवढ्याच पैशांत एक जोडी बुकशेल्फ (छोट्या पेटीचे स्पीकर) आणि १० किंवा १२ इंची सबवूफर येत असेल, तर सिनेमासाठी मी डोळे झाकून दुसरा पर्याय घेईन. एक सप्तक खाली उतरून तेवढाच मोठा आवाज काढायचा तर चौपट हवा हलवावी लागते. टॉवरमधले दोन साडेसहा इंची वूफर ५० हर्ट्झला आरामात असतात; २५ हर्ट्झला त्यांचा जीव जातो. सबवूफर नेमका त्यासाठीच बनवलेला, आणि स्वतःचा अ‍ॅम्प घेऊन येतो.

शिवाय खर्जाचं ओझं काढून घेतलं की बुकशेल्फही मोकळे होतात आणि रिसीव्हरही. सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे वळतात ती रेषा, ८० हर्ट्झला ठेवा. सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सने हाच आकडा रुजवला आणि बहुतेक घरांत तो चालतो. साडेतीन-चार इंची छोट्या स्पीकरना १००-१२० लागेल. ‘स्मॉल’ म्हटल्याने स्पीकरचा अपमान होतो अशी समजूत असलेले लोक भेटतात, त्यांना खर्ज कमी का आहे हेही कळत नसतं.

बुकशेल्फची एकच खोट म्हणजे त्यांना स्टँड लागतात. टीव्हीच्या युनिटवर फुलदाणीशेजारी ठेवलेल्या बुकशेल्फने टॉवरशी बरोबरी करावी ही अपेक्षा चुकीची. ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून वीतभर तरी पुढे हवा. स्टँडसाठी जागाच नसेल, किंवा घरात रांगतं मूल असेल, तर टॉवर घेण्यात हशील आहे.

गाणी हाच मुख्य शौक असणाऱ्यांसाठी गणित थोडं वेगळं. तबल्याचा बायाँ आणि तंबोऱ्याचा खर्ज यांना २५ हर्ट्झची गरज पडत नाही. चांगले टॉवर आणि साधा स्टिरिओ अ‍ॅम्प ही जोडी मैफलीच्या रेकॉर्डिंगला कुठल्याही ५.१ पेक्षा जास्त न्याय देते.

यंत्रं की खोली

आपल्या घरांचा विचार इथे खरा करावा लागतो, कारण परदेशी सल्ले बहुतेक लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या भिंती धरून दिलेले असतात. तशा भिंतीतून खर्जाचा बराच भाग निसटून जातो. आपली वीट-काँक्रीटची भिंत त्याला आत कोंडून ठेवते. खाली व्हिट्रिफाइड फरशी, एका बाजूला काचेचे सरकते दरवाजे, वर सपाट स्लॅब. टाळी वाजवली की टणटण ऐकू येते, ती वरच्या सुरांची गडबड. खालची गडबड टाळीने कळत नाही, ती आकडेमोडीने कळते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला खोलीच्या बाजूच्या (मीटरमधल्या) दुपटीने भागा. १२ फुटी बाजूला उत्तर येतं ४७ हर्ट्झ, १० फुटी बाजूला ५६, आणि साडेनऊ फुटी उंचीला ५९. तिन्ही सूर शेजारीशेजारी. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत ४७ ते ५९ हर्ट्झच्या पट्ट्यात जे काही वाजेल ते फुगणार आणि लांबणार. तो घुमणारा खर्ज हाच. त्यावर २ लाखांचा रिसीव्हर आणला तरी खोलीची लांबी तेवढीच राहते.

उपाय मात्र स्वस्त आहेत. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर फूट-दीड फूट पुढे ओढा. भिंतीला लागून खर्ज नेहमीच फुगलेला असतो. खोलीच्या अगदी मधोमध बसलात तर काही सूर गायब होतील, तेही टाळा. सबवूफरसाठी जुनी युक्ती आजही चालते: तो बसायच्या जागी ठेवायचा, खर्जाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा आणि भिंतीकडेने रांगत ऐकायचं. जिथे आवाज घट्ट आणि सारखा लागेल तिथे सबवूफर ठेवायचा. घरच्यांना हसू आवरत नाही, पण खर्च शून्य. सगळ्या कोचांवर सारखा खर्ज हवा असेल तर एका मोठ्याऐवजी दोन मध्यम सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर लावावेत. दोघांची रचना खोलीचे चढ-उतार एकमेकांत जिरवते.

वरच्या सुरांसाठी जाड पडदे, सोफ्यासमोर जाड सतरंजी किंवा गालिचा, आणि बाजूच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा नाद सोडा. त्याने खर्जाला काडीचाही फरक पडत नाही आणि भिंत मात्र विद्रूप होते.

मग रिसीव्हरसोबत आलेला माइक काढा आणि खोलीनुसार आवाज दुरुस्त करणारी सोय चालवा. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, ऑन्कियोच्या अलीकडच्या मॉडेलमध्ये डिराक. मोजणी करताना पंखा आणि एसी बंद, कुकर गॅसवर नको, आणि माइक सोफ्याच्या पाठीवर न ठेवता कानाच्या उंचीला स्टँडवर. ही मोजणी प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि आवाजाची पातळी जुळवते, आणि तक्रारी तिथेच निम्म्या होतात. मोजणी झाल्यावर एकदा तपासा, कारण ती पुष्कळदा स्पीकर ‘लार्ज’ करून ठेवते; ते परत ‘स्मॉल’ करा.

रात्री हळू ऐकताना खर्ज पातळ वाटतो तो कानाचा स्वभाव आहे. आवाज कमी झाला की खालचे सूर आपल्याला जास्त वेगाने ऐकू येईनासे होतात. त्यासाठी ऑडिसीतलं डायनॅमिक ईक्यू किंवा यामाहाचं वायपीएओ व्हॉल्यूम चालू करायचं. वर-खाली राहणाऱ्यांची काळजी असेल तर दहानंतर सबवूफरची पातळी उतरवा. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि स्लॅबमधून जाणारा खर्ज सबवूफरच्या पायाखालच्या रबराने फारसा अडत नाही.

संवाद कळत नाहीत त्यांनी आधी सेंटर, म्हणजे टीव्हीखालचा मधला स्पीकर, पाहा; संवाद मुख्यतः त्यातूनच येतात. ७० टक्के वेळा तो युनिटच्या खोल कप्प्यात आत ढकललेला असतो, असं म्हणायचा मोह होतो. मी मोजलेलं नाही, पण पाहिलंय भरपूर. तो कप्प्याच्या कडेशी आणा, पुढची बाजू किंचित कानाकडे वर करा, सेंटरची पातळी २ डेसिबलने वाढवा. तरीही नाक दाबल्यासारखा आवाज आला तर पुढचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले घ्या.

वायरवर एकच वाक्य पुरे: दहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर ८ ओहमच्या स्पीकरला पुरते, लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत मीटरवर मिळते, आणि चकचकीत वायरचे उरलेले पैसे सबवूफरमध्ये घाला.

साउंडबार घ्यावा का? हॉलमधून वायर नेणं अशक्य असेल, भाड्याचं घर असेल, तर वेगळ्या सबवूफरचा साउंडबार टीव्हीच्या आवाजापेक्षा खूपच बरा. पण हाताशी चालू ५.१ असताना तो विकून साउंडबार आणणं हा तोट्याचा सौदा. उद्या त्यातला एकच भाग बदलता येत नाही. तयार संचातल्या ३ ओहमच्या छोट्या स्पीकरचंही तसंच. ते नव्या रिसीव्हरला जोडायच्या भानगडीत पडू नका.

म्हणून क्रम असा लावेन: मांडणी आणि मोजणी, पडदे-सतरंजी, सबवूफर, पुढचे तीन स्पीकर, आणि सगळ्यात शेवटी रिसीव्हर. अमेरिकेतल्या भावाकडून काही मागवायचं असेल तर स्पीकर मागवा. त्यांना व्होल्टेजशी घेणंदेणं नसतं. तिकडचा रिसीव्हर किंवा सबवूफर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर सरळ लावला तर पहिल्याच दिवशी धूर निघेल, आणि त्याच्या वॅटला पुरेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन बचत संपते. जुन्या बाजारातून सबवूफर घेताना कोनाभोवतीची कड बोटाने अलगद दाबून पाहा. रबराची असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. फोमची असेल तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती ठिसूळ होते. बोटाला काळा चुरा लागला तर कड बदलायचा खर्च किमतीतून आधीच कापून घ्या.