अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा कार्ड सेट घेतला, घ्यावा का ते सांगतो

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानातनं लेकीसाठी हा सेट घेतला, ती नववीला आहे. ३५० रुपये. सगळं मराठीत आहे म्हणून घेतला खरं तर, कारण अमेरिकेच्या निवडणुकीवर मराठीत मुलांच्या हातात द्यावं असं काही सहज सापडत नाही. कंपनीचं नाव टाकत नाही, छोटी माणसं दिसतात आणि मला चुका पण सांगायच्यात.

पुढच्या बाजूला चित्र, नंबर, कारकीर्द, पक्ष. मागच्या बाजूला कुठल्या साली निवडून आले, इलेक्टोरल मतं (म्हणजे राज्याराज्यांतनं निवडलेल्या इलेक्टर लोकांची मतं, राष्ट्राध्यक्ष त्यांच्यावर ठरतो) किती आणि, हे मला सगळ्यात आवडलं, हरला कोण आणि त्याला किती मिळाली. नुसते जिंकलेल्यांचे फोटो लावलेले तक्ते शाळेत बघितलेत सगळ्यांनी, पण निवडणूक हरलेल्या माणसाशिवाय कळतच नाही.

उदाहरण देतो. १८२४ चं कार्ड. अँड्र्यू जॅक्सनला ९९ मतं, जॉन क्विन्सी अॅडम्सला ८४, आणि राष्ट्राध्यक्ष झाले अॅडम्स! लेक म्हणाली पप्पा छपाईची चूक आहे. चूक नाही. चौघे उभे होते, बहुमताला १३१ लागत होती, ती कुणालाच मिळाली नाहीत, म्हणून निवड गेली प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिथल्या लोकसभेत, आणि तिथं चौथ्या नंबरच्या हेन्री क्लेनी अॅडम्सना साथ दिली. पुढं अॅडम्सनी क्लेना परराष्ट्र मंत्री केलं आणि जॅक्सनची माणसं चार वर्षं सौदा झाला सौदा झाला म्हणून ओरडत राहिली आणि १८२८ ला जॅक्सननी गुलाल घेतलाच.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, कोरेगाव तालुक्यात गावी असतात, दोन टर्म ग्रामपंचायत सदस्य होते. सुट्टीत ते आलेले. लेक त्यांना समजावत होती की आज्जा तिथं लोक थेट निवडत नाहीत, ५३८ इलेक्टर असतात, २७० झाले की जिंकला. आण्णा म्हणाले, "म्हंजी सदस्यातनं सरपंच निवडत हुतो तसंच की. एका वॉर्डात पाचशेनं निवडून ये न्हाईतर पाचनं ये, सदस्य मोजायचा एकच." मी इतकी वर्षं पेपरात वाचतोय, मला एवढ्या सोप्या भाषेत कधी कळलं नव्हतं. बहुतेक राज्यांत एका मतानं जरी पुढं असला तरी त्या राज्याचे सगळे इलेक्टर त्याचे, फक्त मेन आणि नेब्रास्का वाटून देतात. म्हणून २०१६ ला हिलरी क्लिंटनना देशभरात ट्रम्पपेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळून पण २२७ वर थांबावं लागलं आणि ट्रम्प ३०४. असं पाच वेळा झालंय, १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६. २००० ला तर सगळं फ्लोरिडावर अडलेलं आणि तिथला फरक ५३७ मतांचा. आण्णांनी ते कार्ड दोनदा वाचायला लावलं, ५३७ म्हणजे आमच्या एका वॉर्डाएवढं.

आता तक्रारी.

बॉक्सवर ४७ कार्डं लिहिलंय. निघाली ४६. २४ नंबर नाहीच. आम्ही सोफ्याखाली, गादीखाली, सगळीकडं शोधलं, शेवटी दुकानात गेलो तर म्हणाले सगळे सेट असेच येतात. मग लक्षात आलं की ग्रोव्हर क्लीव्हलँड मध्ये एक टर्म सोडून परत आले म्हणून ते २२ वे पण आणि २४ वे पण, त्यांना एकच कार्ड दिलंय. चालेल, पण मग ट्रम्पना ४५ आणि ४७ अशी दोन कार्डं का? एकतर माणसं मोजा, ४५ होतात, नाहीतर कारकिर्दी मोजा, ४७ होतात. ४६ कुठल्याच हिशोबात बसत नाही.

दुसरं, आडनावं मोठ्या अक्षरात आणि नावं अगदी बारीक. अॅडम्स दोन, हॅरिसन दोन, जॉन्सन दोन, रुझवेल्ट दोन, बुश दोन. खेळताना आण्णांना चष्मा लावून पण कळेना कुठला रुझवेल्ट.

तिसरी गोष्ट खेळाची. क्रिकेटरच्या कार्डांसारखं ज्याची इलेक्टोरल मतं जास्त त्यानं समोरच्याचं कार्ड घ्यायचं. याच्यात वॉशिंग्टन कायम मार खातात! १७८९ ला ६९ आणि १७९२ ला १३२, पण दोन्ही वेळा प्रत्येक इलेक्टरनं त्यांना मत दिलेलं, असं परत कुणाला जमलं नाही. आणि त्यांना हरवतात कोण तर १८७६ चे हेज, १८५ मतंवाले, ज्यांची २० मतं वादात होती आणि १५ जणांच्या आयोगानं ८ विरुद्ध ७ नी ती सगळीच्या सगळी त्यांना दिली, समोर टिल्डन १८४ वर, एका मतानं गेले. आम्ही घरी टक्केवारी काढून खेळतो, मग बरोबर बसतं. कंपनीनं टक्केच छापावेत.

हेज यांच्या कार्डावर एक ओळ अजून पाहिजे होती. ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर दक्षिणेतल्या राज्यांतलं केंद्राचं सैन्य मागं घेतलं आणि नुकत्याच गुलामीतनं सुटलेल्या लोकांचा मताचा हक्क तिथं हळूहळू कागदावरच राहिला, थेट १९६५ च्या कायद्यापर्यंत. हे सांगितल्याशिवाय १८५ - १८४ नुसता स्कोअर वाटतो.

लिंकनच्या कार्डावर पण तसंच. १८६० ची १८० मतं दिलीत, लोकांची मतं जेमतेम ४० टक्के होती हे पण दिलंय, चांगलं केलंय. पण मराठी सेट आहे ना, मग महात्मा फुल्यांनी १८७३ ला गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं हे इथं यायलाच पाहिजे होतं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्याच खटाव तालुक्यातलं. साताऱ्यातल्या पोरांना याच्याइतकं जवळचं दुसरं काय सांगणार? मी लेकीला तिथंच थांबवून सांगितलं, मग तिनं पेननं लिहिलं कार्डावर.

पाच कार्डांची मागची बाजू कोरी आहे, टायलर, फिलमोर, अँड्र्यू जॉन्सन, आर्थर, फोर्ड. हे पाचही उपाध्यक्षपदावरनं वर आले आणि स्वतः कधी निवडून आले नाहीत म्हणून. अहो पण फोर्ड तर उपाध्यक्ष पण निवडणुकीतनं झाले नव्हते, आणि १९७६ ला उभे राहून कार्टरकडनं २४० - २९७ हरले, हे लिहायला जागा होती की!

कागद जाड आहे, कोपरे अजून दुमडले नाहीत. बॉक्स मात्र चार दिवसात फाटला.

घ्या. मी गावच्या शाळेसाठी अजून एक घेतला. लेकीनं दोन्ही सेटसाठी २४ नंबर पुठ्ठ्याचा करून टाकलाय, क्लीव्हलँड, १८९२, २७७ मतं, हरले बेंजामिन हॅरिसन १४५. चित्र तिनंच काढलंय, मिशा झकास जमल्यात.