युद्धकाळातल्या जीपचा मागचा ॲक्सल: जुना शोधावा, महिंद्राचा बसवावा की बाहेरून मागवावा?

विलिस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप, बाळगणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मिस्त्री सांगतो, "साहेब, मागचा ॲक्सल गेला, महिंद्राचा टाकून देऊ." काम लवकर होतं, गाडी चालूही लागते. पण असं करताना या गाडीची एक उत्तम गोष्ट कायमची निघून जाते. म्हणून माझं मत आधीच सांगतो: हौसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) शाबूत असेल तर स्वतःचाच ॲक्सल पुन्हा बांधा. ते गेलं असेल तर तसंच जुनं शोधा. महिंद्राचा पर्याय त्यानंतरचा.

आधी नेमकं काय गेलंय ते बघा. "ॲक्सल गेला" म्हणतात तेव्हा पुष्कळदा बेअरिंग किंवा क्राऊन-पिनियन (चाकांकडे ताकद वळवणारी दात्यांची जोडी) गेलेली असते, हौसिंग नव्हे. हबची (चाक बसतं त्या मधल्या भागाची) बेअरिंग तर मुळीच दुर्मीळ नाहीत. कोन (बेअरिंगचा आतला भाग) १८५९० आणि कप (बाहेरची कडी) १८५२० हे टिमकेनचे प्रमाणित नंबर आहेत आणि पुढच्या हबलाही हीच बेअरिंग लागतात. परदेशी पार्सलच्या मागे लागण्याआधी जवळच्या बेअरिंगच्या दुकानात हे नंबर विचारा. ॲक्सल खरोखर बदलावा लागतो तो हौसिंगची नळी बदलता येणार नाही इतकी वाकली किंवा मधल्या ओतीव भागाला तडा गेला तर.

युद्धकाळातला मूळ ॲक्सल

हा स्पायसर कंपनीचा फुल-फ्लोटिंग ॲक्सल. चाकाचा भार हौसिंगच्या टोकावरच्या स्पिंडलवर, दोन बेअरिंगांवर बसतो. आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो, वजन उचलत नाही. त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागच्या जागी राहतं. फ्लँजचे सहा बोल्ट काढायचे, शाफ्ट बाहेर ओढायचा, मागचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद आणणारा दांडा) सोडवायचा आणि पुढच्या चाकांना ताकद जोडून हळूहळू घरी यायचं. एखाद्या घाटात ही सोय किती मोलाची ठरते, ते वेगळं सांगायला नको.

गुणोत्तर ४.८८, म्हणजे क्राऊनला ३९ आणि पिनियनला ८ दाते. जुना ॲक्सल घेताना भंगारवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, कारण युद्धानंतरच्या सुरुवातीच्या काही सीजे-२ए या नागरी जीपांनाही फुल-फ्लोटिंगच ॲक्सल होता, पण त्याचं गुणोत्तर ५.३८ (४३ आणि ८ दाते). बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करा आणि दोन्ही चाकं एकत्र आठ फेरे फिरवा. फ्लँज ३९ वेळा फिरली तर ४.८८, ४३ वेळा फिरली तर ५.३८. क्राऊन आणि पिनियन दोन्हींवर कोरलेला जोडीचा नंबर जुळतो का तेही पाहा. जोडी फुटलेली असेल तर ती घेऊ नका. एकमेकांवर घासून बसवलेले दाते दुसऱ्या जोडीदारासोबत आवाज करतात आणि लवकर झिजतात.

असा जुना ॲक्सल शोधायचा कुठे? मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत मायापुरी. जीपच्या सुट्या भागांसाठी हरियाणातली मंडी डबवालीही प्रसिद्ध आहे. वेळ लागतो. फोनवरच्या फोटोवर सौदा करू नका, कारण वाकलेली नळी फोटोत दिसत नाही.

महिंद्राचा ॲक्सल

मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्रा विलिसच्या जीपा जुळवू लागली. त्यांतली सीजे-३बी ही नागरी जीप तर अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, तरी आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनत राहिली. त्यामुळे हा ॲक्सल मिळणं सर्वांत सोपं आहे आणि तो दुरुस्त करणारे हात गावोगावी आहेत. शाफ्ट, सील, क्राऊन-पिनियन सगळं मिळतं. चाकाच्या पाच बोल्टांचं साडेपाच इंची वर्तुळही तेच.

पण हा स्पायसर ४४ च्या घराण्यातला सेमी-फ्लोटिंग ॲक्सल. इथे शाफ्टच भार उचलतो. हब निमुळत्या टोकावर चावीने बसतो, तो काढायला पुलर लागतो, आणि शाफ्ट चावीच्या खाचेपाशी तुटला तर चाकासकट बाहेर येतो. मग पुढची चाकं जोडूनही काही होत नाही, गाडी उचलूनच न्यावी लागते.

दुसरी अडचण गुणोत्तराची. मागे महिंद्राचं ५.३८ आणि पुढे मूळचं ४.८८ असं ठेवून फोर-व्हील जोडली की दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ताणतात आणि ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचे) दाते त्याची किंमत मोजतात. म्हणजे बदलायचे तर दोन्ही ॲक्सल बदला, किंवा मागच्यात ४.८८ ची जोडी बसवा. महिंद्राच्या पुढच्या काळातल्या डिझेल जीपांत गुणोत्तरं वेगवेगळी सापडतात, तिथे खडूची परीक्षा आणखी गरजेची. दोन्हीकडे ५.३८ केलं तर चढ सोपा जातो, पण त्याच वेगाला इंजिन दहा टक्के जास्त फिरतं. स्पीडोमीटरही तेवढाच जास्त आकडा दाखवतो, कारण त्याची तार ट्रान्सफर केसमधून येते.

बोलेरोचा ॲक्सल बसवायचा सल्ला कुणी दिला तर सरळ नाही म्हणा. तो रुंद आहे. शिवाय या जीपच्या ट्रान्सफर केसचा मागचा जोड उजवीकडे सरकलेला असतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टची रेषाच जुळत नाही.

परदेशातून

अख्खा ॲक्सल मागवणं मला पटत नाही. वजनामुळे जहाजाचं भाडं आणि वर सीमाशुल्क, असा खर्च होऊन हाती येणार तो बहुधा जुनाच, पुन्हा बांधावा लागणारा. मागवायचीच तर क्राऊन-पिनियनची नवी जोडी आणि सीलचा संच मागवा. जीपीडब्ल्यूवाल्यांनी मात्र फोर्डच्या ‘एफ’ छापाचे बोल्ट आणि भाग जपून ठेवावेत, ते पुन्हा सहज मिळत नाहीत.

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. अट अशी की ती मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत. त्या यादीत ॲक्सलचं नाव नाही. तरीही महिंद्राचा बसवणार असाल तर स्प्रिंगच्या बैठका हौसिंगवरच जुळवून घ्या, चासीला गॅस कटर लावू देऊ नका. आणि काढलेलं जुनं हौसिंग भंगारात घालू नका. तेल लावून, दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. वाकलेली नळी चांगल्या लेथवाल्याकडून बदलून घेता येते.